मनाच्या आजाराच्या गोळ्या घरी कशा सांभाळायच्या: चिठ्ठी हातात पडल्यापासून गोळी बंद होईपर्यंत

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं (मॅनिया) तर कधी फार खचतं (डिप्रेशन), निदान होऊन ११ वर्षं झाली, आणि आईच्या डिप्रेशनच्या गोळ्या आता बंद व्हायच्या टप्प्यावर आल्यात. दोघांच्या गोळ्या बघायचं काम माझ्याकडे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यायची आणि किती घ्यायची हे मी कुठेही सांगणार नाही, ते तुमच्या सायकिअॅट्रिस्टनीच ठरवायचं. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये आपण दहा-पंधरा मिनिटं बसतो आणि बाकीचा महिना गोळी घरात असते, तिथे काय काय होतं आणि तेव्हा काय करायचं हे आम्हाला सुरुवातीला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. धडपडत शिकलो. ते सगळं एका जागी असावं म्हणून लिहितेय.

पहिलं काम: केबिनमधून उठायच्या आधी

चिठ्ठी हातात आली की लगेच उठू नका. प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही कशासाठी, कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, फरक दिसायला किती दिवस लागतील, सुरुवातीला काय त्रास होऊ शकतो, आणि कशाला घाबरून लगेच फोन करायचा. अजून एक प्रश्न लोक विचारत नाहीत तो म्हणजे ही गोळी साधारण किती दिवस चालेल. काही गोळ्या दोन-तीन आठवड्यांसाठीच असतात आणि काही वर्षानुवर्षं, आणि हा फरक माहीत नसल्यामुळे बऱ्याच घरांत नेमकं उलटं होतं, चालू ठेवायची ती बंद करतात आणि थांबवायची ती चालू राहते. आईच्या बाबतीत हेच झालं, ते पुढे सांगते.

मग घरी येऊन स्ट्रिप उलटी करून बघा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, त्याच्या जवळ घटकाचं नाव असतं, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, ओलान्झापिन असं काहीतरी. ते नाव पाठ करा. कारण मेडिकलवाल्याकडे तीच कंपनी नसली की तो दुसरी देतो, रंग बदलतो, आकार बदलतो, आणि घरात गोंधळ होतो की ही वेगळीच गोळी आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही चालू राहतात, एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळलं की औषध तेच. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या खूप स्वस्तात मिळतात, तिथे तर घटकाच्या नावानेच मागावं लागतं. फक्त लिथियम (बायपोलरचं औषध) किंवा फिटच्या गटातल्या गोळ्यांची कंपनी सारखी सारखी बदलू नका, बदलावी लागलीच तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाईलमधलं अॅप वापरून बघितलं मी, पण वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवता येते आणि घरातल्या कुणालाही लिहिता येते, म्हणून शेवटी वहीच टिकली.

पहिल्या पानावर आजाराचं नाव, आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घटकाच्या नावाने, बीपी-शुगर-थायरॉईडच्याही, आणि कशाची अॅलर्जी असेल तर ती. प्रत्येक बदलाला तारीख. "डोस वाढवला" असं लिहू नका, "१० चे १५ केले, १२ तारखेपासून रात्री" असं लिहा. शिवाय आधी कोणत्या गोळ्या देऊन झाल्या, किती डोसपर्यंत, किती दिवस, आणि का बंद केल्या, हे मागच्या पानावर. डॉक्टर बदलले की नवीन डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि आपण "ती पिवळी छोटी गोळी होती" असं सांगत बसतो.

रोजची नोंद एकाच ओळीची ठेवा नाहीतर आठ दिवसांत कंटाळा येतो. आमच्या वहीतलं एक पान सांगते, भावाचं: "सोम, झोप ७ तास, जेवला, गोळ्या दोन्ही. मंगळ, झोप ५. बुध, झोप ४, थकवा नाही, मित्राला पहाटे ३ ला फोन. गुरु, झोप ३ तास, नवीन धंद्याबद्दल बोलतोय." गुरुवारी संध्याकाळीच आम्ही डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस बदलला आणि अॅडमिट करायची वेळ आली नाही. बायपोलरमध्ये झोप कमी होऊनही माणूस ताजातवाना असेल तर ती पहिली खूण असते, आणि ती घरच्यांनाच आधी दिसते. डिप्रेशनमध्ये मी झोप, जेवण, अंघोळ आणि स्वतःहून कुणाशी बोलली का एवढंच लिहायचे. आई आठ दिवसांनी पहिल्यांदा शेजारच्या काकूंकडे गेली ते त्या वहीत आहे. तिला स्वतःला तेव्हा काहीच फरक पडत नाहीये असं वाटत होतं, मी ते पान दाखवलं तेव्हा तिला पटलं.

डबा आणि कुलूप

आठवड्याचा खणांचा डबा मेडिकलमध्ये शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. रविवारी रात्री भरायचा, आणि भरताना शक्यतो ज्याच्या गोळ्या आहेत त्याला शेजारी बसवायचं. यामुळे गोळी घेतली की नाही हा रोजचा वाद संपतो, खण रिकामा दिसला की विषय संपला. काही गोळ्या मात्र स्ट्रिपमधून आधी काढून ठेवलेल्या चालत नाहीत, दमट हवेत खराब होतात, फिट आणि बायपोलरसाठी देतात ती व्हॅल्प्रोएट त्यातली एक, तर अशा गोळ्या स्ट्रिप कात्रीने कापून कव्हरसकट खणात ठेवा. आणि ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असं काही असेल ती सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते, ती चुरून द्यायची नाही, आणि मोडायची असेल तर आधी विचारून.

बाकीचा साठा कुलपात. हे मी आग्रहाने सांगतेय. डिप्रेशन असलेल्या माणसाच्या हाताशी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकत्र असू नयेत. जुन्या पद्धतीच्या डिप्रेशनच्या गोळ्या, म्हणजे अॅमिट्रिप्टिलिनसारख्या, आणि लिथियम, या जास्त प्रमाणात गेल्या तर जिवावर बेततं. डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांच्याच गोळ्या आणता येतात. उरलेल्या, बंद झालेल्या गोळ्या "लागतील कधीतरी" म्हणून ठेवू नका. घरात लहान मुलं असतील तर हे डबल लागू.

पहिले सहा आठवडे सगळ्यात अवघड

डिप्रेशन, अँग्झायटी, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती परत परत होणं), पॅनिक यासाठी आता बहुतेक वेळा एसएसआरआय गटातली गोळी देतात, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या त्यातल्या. यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण अंदाज सहा-आठ आठवड्यांनी येतो, ओसीडीला तर त्याहून जास्त, दहा-बारा आठवडेसुद्धा. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होतो. मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, झोप उडणं किंवा नुसती गुंगी, आणि अँग्झायटी असेल तर पहिले काही दिवस घालमेल वाढल्यासारखी वाटते. म्हणजे आधी त्रास, नंतर आराम. म्हणूनच एवढे लोक पाचव्या-सहाव्या दिवशी गोळी टाकून देतात आणि "मला डोक्याच्या गोळ्या सूट होत नाहीत" हे कायमचं डोक्यात बसतं. बहुतेक त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो, जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, झोप उडत असेल तर डॉक्टर सकाळची वेळ देतात.

पण तीन गोष्टींना थांबायचं नाही. एक, २५ च्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे लक्ष ठेवा, थेट विचारा, विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. दोन, गोळी सुरू झाल्यावर माणूस अचानक फार उत्साही झाला, झोप नको, पैसे उधळतोय, बडबड वाढली, तर ते बरं होणं नसून मॅनिया असू शकतो, भावाचं निदान असंच झालं, आधी सगळ्यांना वाटत होतं नुसतं डिप्रेशन आहे. तीन, साठीच्या पुढचं माणूस असेल आणि चक्कर, गोंधळ, तोल जाणं सुरू झालं तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं, बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच.

लैंगिक इच्छा कमी होणं, उशीर लागणं हा या गोळ्यांचा अगदी कॉमन त्रास आहे आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा हवं तर, पण सांगा. त्यावर उपाय असतात.

"प्लस" वाली गोळी

आता आईचं. तिला सुरुवातीला एका ओळखीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, त्या नावाच्या शेवटी "प्लस" होतं. आम्हाला वाटलं जास्त चांगली असेल. ती चार वर्षं घेतली तिने. नंतर सायकिअॅट्रिस्टकडे गेलो तेव्हा कळलं की त्या एका गोळीत दोन औषधं होती, एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम. पहिलं दीर्घकाळ चालतं, दुसरं शांत करणाऱ्या गटातलं, ते साधारण दोन ते चार आठवड्यांसाठीच द्यायचं असतं, कारण शरीराला त्याची खरोखर सवय लागते. आपल्याकडे या जोडगोळ्या भरपूर चालतात. तुमच्या घरातली स्ट्रिप आत्ता उलटी करून बघा, दोन घटक लिहिलेत का.

लोक म्हणतात "या गोळ्यांची सवय लागते", तर ते खरं आहे या गटाबद्दल: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, आणि झोपेची झोल्पिडेम. डिप्रेशनच्या गोळीची अशी नशा लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. दोन्ही एकाच तराजूत टाकल्यामुळे किती लोकांचं नुकसान होतं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या शेड्युल एच१ मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, तरी ओळखीवर मिळतात हे सगळ्यांना माहितीय. घेऊ नका ओळखीवर. दारूबरोबर तर अजिबात नाही, श्वास मंदावतो. म्हाताऱ्या माणसांत रात्री उठताना पडून खुबा मोडायची भीती असते.

आणि समजा चार वर्षं घेतलीय हे आज लक्षात आलं, तर घाबरून उद्यापासून बंद करू नका. अचानक थांबवली तर झोप पूर्ण उडते, थरथर सुटते, फिटसुद्धा येऊ शकते. आईची डॉक्टरांनी आधी जोडगोळी बदलून दोन वेगळ्या गोळ्या केल्या, मग क्लोनाझेपाम थोडं थोडं करत सात महिन्यांत उतरवलं. शेवटचा पाव तुकडा सगळ्यात जड गेला तिला, त्या तुकड्यावर सहा आठवडे थांबलो आम्ही, आणि थांबलो ते बरंच केलं.

लिथियम चालू असेल तर हे दोनदा वाचा

जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये मॅनियासाठी लिथियमचा उपयोग दाखवला, आणि आजही बायपोलरसाठी ते फार भरवशाचं औषध आहे, आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही त्याचं नाव घेतात. भाऊ याच्यावरच उभा राहिला. पण ते मीठ आहे आणि रक्तात त्याची जागा अगदी अरुंद असते, साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर). कमी असेल तर उपयोग नाही, १.५ च्या पुढे गेलं तर विषबाधेची भीती. म्हणून रक्त तपासायचं, आणि तेही शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. आम्ही एकदा सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये गेलो, आकडा जास्त आला, डोस कमी झाला, आणि महिन्याभरात भाऊ परत चढायला लागला. लॅबमध्ये कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून वहीत रक्त दिल्याची आणि आदल्या गोळीची अशा दोन्ही वेळा लिहिते.

डोस बदलला की पाच-सात दिवसांनी तपासणी, सगळं स्थिर झालं की तीन ते सहा महिन्यांनी. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉईडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम, हे सहा महिन्यांतून एकदा.

शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लिथियम वाढतं. म्हणजे जुलाब, उलट्या, कडक ऊन, निर्जळी उपवास, बीपीसाठी अचानक मीठ तोडणं, हे सगळं धोक्याचं. भावाला वारीला जायचं होतं, डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, पण पाण्याची बाटली सतत हातात, मीठ नेहमीएवढंच, निघण्याआधी रक्त तपासणी, आणि जुलाब लागले तर त्या दिवशी गोळी घेण्याआधी फोन, असं ठरवून दिलं. एकादशीला तो फळं आणि पाणी घेतो, निर्जळी नाही. आमच्या आजीने सांगितलं विठ्ठलाला चालतं, आणि घरातला तो वाद तिथेच मिटला.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या लिथियमबरोबर परस्पर घ्यायच्या नाहीत, त्याने पातळी चढते. पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही चढते, त्यामुळे फिजिशियनला "लिथियम चालू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. बारीक थरथर, तहान, लघवी जास्त होणं हे नेहमीच्या डोसलाही होतं. पण हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालणं, यातलं दिसलं तर पुढची गोळी थांबवून थेट हॉस्पिटल.

व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन

व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, लिव्हर आणि प्लेटलेट तपासाव्या लागतात. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे: मूल होऊ शकेल अशा वयातल्या मुलीला किंवा बाईला हे औषध दिलं असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात घेतलं तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहापैकी तीन-चार मुलांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दिसतात. लग्न जमवताना आजार लपवतात, मग गोळ्या लपवतात, मग दिवस गेल्यावर धावपळ. आधीच ठरवा, गोळी बदलायला वेळ लागतो. आणि दिवस गेल्याचं कळल्यावर कोणतीच गोळी स्वतः होऊन झटकन बंद करू नका, आजार उलटणंही आई आणि बाळ दोघांना महागात पडतं, सायकिअॅट्रिस्ट आणि गायनॅक दोघांनी मिळून ठरवायचं असतं ते.

लॅमोट्रिजिनही फिट आणि बायपोलरसाठी देतात, ते फार हळूहळू वाढवतात, लोक कंटाळतात, पण कारण आहे, पटकन वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. पुरळ आलं, विशेषतः ताप, तोंडात फोड असतील तर त्याच दिवशी दाखवा. चार-पाच दिवस गोळी राहिली तर जुन्याच डोसने परत सुरू करू नका, बहुतेक वेळा खालून सुरुवात करावी लागते.

अँटीसायकोटिक

ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्विटायापिन, अॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल या त्या गटातल्या, भास आणि भ्रम कमी करणाऱ्या. स्किझोफ्रेनियासाठी (भास-भ्रमाचा आजार) तर देतातच, मॅनियासाठीही देतात.

भावाला पहिल्यांदा हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळली आणि वळलेलीच राहिली. डोळे वर गेले, बुबुळं दिसेनात, जीभ आत वळत होती, आणि तो पूर्ण शुद्धीत, घाबरून माझा हात धरून. शेजारी जमले, कुणीतरी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू आणायला पळाले. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, एक इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत मान सरळ. याला डिस्टोनिया म्हणतात, औषधाचा ओळखीचा त्रास आहे, तरुण मुलांमध्ये पहिल्या काही दिवसांत जास्त होतो. हे आधी माहीत असतं तर त्या संध्याकाळी आम्ही अर्धा तास वाया घालवला नसता, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं. एका जागी बसवत नाही, सारखं येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, हाही गोळीचा त्रास असू शकतो, आजार वाढला असं लगेच समजू नका. पण खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि भ्रम एकत्र दिसले तर ती इमर्जन्सी आहे.

ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी भूक प्रचंड लागते. सुरू करायच्या आधी वजन, कमरेचं माप, बीपी, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल नोंदवून घ्या, तीन महिन्यांनी परत, मग निदान वर्षातून एकदा. रिस्पेरिडोनने पाळी बंद होणं, छातीत दूध येणं होऊ शकतं, बायका हे कुणाला सांगतच नाहीत. याच गटातलं क्लोझापिन असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी तपासायच्या, नंतर अंतर वाढतं. ताप किंवा घसा दुखला तर लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. बद्धकोष्ठता यात साधी समजू नका, आतडं बंद पडू शकतं. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस द्यायचा नाही. आणि सिगारेट अचानक सोडली तर क्लोझापिन, ओलान्झापिनची रक्तातली पातळी वाढते, सोडायची असेल तर जरूर सोडा पण डॉक्टरांना सांगून.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर बहुतेक गोळ्या घेता येतात, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. किती गोळ्या चुकल्या तर फोन करायचा हे प्रत्येक औषधासाठी वेगळं असतं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

"मला काही झालेलं नाही, मी गोळी घेणार नाही"

हे ज्या घरात होतं त्यांनाच त्याचा अर्थ कळतो. मग कुणीतरी सुचवतं, आमटीत घाला, चहात घाला. आम्हीही घातली, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे. एक दिवस भावाला वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसला. त्याला आधीच वाटत होतं की आपल्याला कुणीतरी विष देतंय, आणि आम्ही ते खरं करून दाखवलं. त्यानंतर जवळजवळ पाच महिने तो माझ्या हातचं जेवला नाही, स्वतः खिचडी टाकायचा. शिवाय चुरून दिल्याने किती डोस पोटात गेला कळत नाही, आणि त्याला गुंगी का येते, वजन का वाढतं, हे तो डॉक्टरांना सांगूच शकत नाही.

त्यापेक्षा काय चाललं ते सांगते. आजार शब्दावर वाद घालणं आम्ही सोडलं. "तुला झोप येत नाही ना, ती यावी म्हणून ही," इथून सुरुवात केली. गोळीचा नेमका त्रास काय होतो ते विचारलं, तेव्हा कळलं की सकाळी उठवत नाही म्हणून दुकानात बोलणी बसतात, डॉक्टरांनी सगळा डोस रात्री ८ ला केला आणि निम्मी भांडणं संपली. रोज गोळी नकोच असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शन असतात, विचारा. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलणार. भावाने ते लिहिलं, माझं नाव घातलं. खिचडीच्या त्या पाच महिन्यांनंतर त्याने स्वतःहून माझं नाव घालणं माझ्यासाठी खूप मोठं होतं.

जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, तर मात्र समजावत बसायची वेळ नाही, त्याच कायद्यात अॅडमिट करायची पद्धत आहे, हॉस्पिटलला फोन करा.

बाकीच्या गोळ्या, काढे

दुखण्याची ट्रॅमाडॉल आणि खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप एसएसआरआयबरोबर विचारल्याशिवाय नको. अॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते. अश्वगंधा, झोपेचे काढे, बाबाने दिलेली पुडी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा, रागावले तरी सांगा. कार्बामॅझेपिनने (हीही फिट आणि बायपोलरची गोळी) गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. रोजे असतील तर आधी वेळा बदलून घ्या. आखातात नोकरीला असणाऱ्यांनी शांत करणाऱ्या गटातल्या गोळ्या परवानगी आणि डॉक्टरांच्या पत्राशिवाय बॅगेत टाकू नयेत, तिथले नियम कडक आहेत.

बंद करायची कशी

पूर्ण बरं वाटायला लागलं की बंद करावीशी वाटते, आणि तीच चुकीची वेळ असते. डिप्रेशनचा पहिलाच झटका असेल तर बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, परत परत होत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. बायपोलर, स्किझोफ्रेनियात त्याहून लांब. बंद करताना हळूहळू, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन (हीही डिप्रेशनचीच गोळी) यांना जास्तच हळू, नाहीतर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि आजारच परत आला असं वाटतं. फरक असा की हे थांबवल्यावर काही दिवसांत सुरू होतं, आजार सहसा काही आठवड्यांनी-महिन्यांनी उलटतो. परीक्षा, लग्न, घर बदलणं, घरात कुणाचं जाणं, अशा काळात उतरवायला सुरुवात करू नका. आईची एस्सिटालोप्राम आम्ही दिवाळी उरकल्यावर उतरवायला घेतली, कारण बाबांचं वर्षश्राद्ध त्याआधी होतं.

कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा कागद

यावर हे लिहा: डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं जवळचं हॉस्पिटल, १०८ अँब्युलन्स, आणि टेली मानस १४४१६. हे सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, गोळ्याही मिळतात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या ओपीडीत रोज साधी घरची माणसं येऊन गोळ्या नेतात, गोव्यात बांबोळीला आहे. सिव्हिलला जाताना सकाळी लवकर जा, जुना केस पेपर न्या, आणि गोळ्या संपायच्या निदान चार दिवस आधी जा, कारण एखादी गोळी स्टॉकमध्ये नसली तर बाहेरून शोधायला तेवढे दिवस लागतात.